आधी कापड, मग भांडण, मग अर्थ: मध्ययुगीन मठांतली प्रतीकं

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपातल्या मठांत झग्याचा रंग, डोक्यावरचं मुंडण, कमरेच्या दोरीच्या गाठी यांचा नेमका अर्थ काय होता? त्यातून त्या मंडळींची ओळख कशी घडत होती? आणि जुन्या चित्रातला साधू कोणत्या संघाचा, हे आज कपड्यांवरून सांगता येतं का?

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एक कोष्टक मिळतं. काळा म्हणजे नम्रता आणि प्रायश्चित्त, पांढरा म्हणजे शुद्धता, तीन गाठी म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. कोष्टक खोटं नाही, पण ते मागाहून तयार झालेलं आहे. हा विषय बरीच वर्षं शिकवताना माझं मत असं बनलं की यातली फार थोडी प्रतीकं अर्थापासून सुरू झाली. आधी हाताशी होतं ते कापड अंगावर आलं, मग शेजारच्या मठाने नाक मुरडलं, वाद पेटला, आणि त्या वादात आपली बाजू मांडताना दोघांनाही आपापल्या कापडाचे अर्थ सापडले. म्हणून मी कोष्टक न देता काही भांडणंच सांगतो.

सुरुवात सहाव्या शतकातल्या इटलीतल्या बेनेडिक्ट या साधूपासून करावी लागते, कारण पश्चिम युरोपातले बहुतेक मठ त्याच्या नियमावलीवर चालत. मॉन्ते कासिनो इथे ५३० ते ५४० च्या सुमारास लिहिलेली ही ७३ प्रकरणांची नियमावली. तिचं ५५ वं प्रकरण कपड्यांचं. त्यात स्वच्छ म्हटलंय की रंग कोणता, कापड किती जाडंभरडं, याबद्दल मठवासीयांनी कुरकुर करू नये. त्या मुलखात जे मिळतं आणि स्वस्तात मिळतं ते घालावं. दोन अंगरखे आणि टोपी जोडलेले दोन झगे, म्हणजे रात्रीला आणि धुवायला टाकल्यावर बदली राहते. झगा थंडीत लोकरीचा, उन्हाळ्यात पातळ किंवा विरलेला. कामाच्या वेळी खांद्यावरून पुढेमागे सोडायचा स्कॅप्युलर. पट्टा, सुरी, लेखणी, सुई, रुमाल, लिहायच्या पाट्या, सगळं मठाधिपतीने द्यायचं, म्हणजे ‘माझ्याकडे नव्हतं’ ही सबब राहत नाही. वर त्याने अधूनमधून अंथरुणं तपासायची, कोणी स्वतःचं म्हणून काही दडवलंय का ते बघायला.

रंगाला तिथे अर्थ नाहीच. अर्थ आहे तो कपडा कोणाचा, याला. ५८ व्या प्रकरणात प्रवेशाचा विधी आहे. येणाऱ्याला सहज आत घेऊ नये, चार-पाच दिवस दाराशी ताटकळत ठेवावं. मग वर्षभराची उमेदवारी, आणि त्या काळात तीन वेळा त्याला संपूर्ण नियमावली वाचून दाखवायची. शेवटी तो आपल्या हाताने प्रतिज्ञापत्र लिहितो. लिहिता येत नसेल तर दुसरा लिहितो आणि हा खूण करतो. ते पत्र तो स्वतः वेदीवर ठेवतो. त्यानंतर तिथेच, प्रार्थनागृहात, त्याच्या अंगावरचे स्वतःचे कपडे उतरवून मठाचे चढवायचे.

उतरवलेले कपडे मात्र फेकायचे नाहीत. ते कोठीत नीट ठेवायचे. पुढे कधी सैतानाच्या नादी लागून तो मठ सोडून निघाला, तर मठाचे कपडे काढून घेऊन त्याला त्याचे जुने कपडे परत द्यायचे. प्रतिज्ञापत्र परत द्यायचं नाही, ते मठातच राहतं. या दोन ओळींत मला मठाच्या ओळखीचा सगळा व्यवहार दिसतो. कपडा परत मिळतो, शब्द परत मिळत नाही. पळून गेलेला माणूस जुन्या कपड्यांत हिंडत असला तरी वेदीवर ठेवलेल्या कागदाने तो बांधलेलाच. पुढे पोप आठव्या बोनिफेसच्या १२९८ च्या कायदेसंग्रहात तर असा दंडक आला की व्रतस्थाने आपला झगा बेफिकिरीने टाकून दिला तर तो धर्मबहिष्कृत.

आत गेल्यावर ज्येष्ठता ठरायची ती वयावर किंवा घराण्यावर नाही, प्रवेशाच्या क्षणावर. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेला हा पहिल्या तासाला आलेल्यापेक्षा धाकटा, मग बाहेरच्या जगात तो कोणीही असो. चर्चमध्ये कोण कुठे उभा राहील, कोणामागून चालेल, हे यावरून ठरे. आपल्याकडे ‘माळ घातली’ म्हटलं की माणसाचं खाणंपिणं, वर्षाचा क्रम आणि लोकांनी त्याला हाक मारायची रीतही बदलते. मठाचा झगाही काहीसा असाच चढायचा. म्हणूनच सरदार मंडळी मरणाच्या दारात तो मागून घेत. चेस्टरचा अर्ल ह्यू, आयुष्यभर लढाया आणि मेजवान्यांत बुडालेला, ११०१ मध्ये मरणाच्या काही दिवस आधी स्वतःच उभारलेल्या मठात साधू झाला.

आता मोठं भांडण, काळ्या-पांढऱ्याचं.

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात ९१० मध्ये क्लूनीचा मठ स्थापन झाला आणि पुढच्या दोनशे वर्षांत तो ख्रिस्ती जगातला सर्वांत श्रीमंत मठ झाला. १०८८ मध्ये तिथे सुरू झालेलं तिसरं चर्च रोममधलं सेंट पीटर्स नव्याने बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं. क्लूनीचे मठवासी काळे झगे घालत. बेनेडिक्टाईन परंपरेत तोवर काळा किंवा काळपट रंग रूढ झालाच होता, पण दाट, न उडणारा काळा रंग देणं हे त्या काळी खर्चाचं काम. हलक्या प्रतीचा रंग दोन-चार धुण्यांत तपकिरी होऊन जायचा. झगा काळाभोर असणं हीच संपत्तीची खूण होती, जरी त्याचा अर्थ नम्रता असा सांगितला जात असला तरी.

१०९८ मध्ये मोलेम मठाचा अधिपती रॉबर्ट एकवीस जणांना घेऊन बाहेर पडला आणि सीतो इथल्या रानात नवा मठ उघडला. त्यांचं म्हणणं एवढंच की नियमावली अक्षरशः पाळायची, मागाहून चिकटलेलं सगळं काढून टाकायचं. सीतोच्या सुरुवातीच्या इतिहासात टाकून दिलेल्या वस्तूंची यादी आहे: फरचे अंगरखे, तलम सदरे, चोळणे, कंगवे, पलंगपोस, भोजनगृहातले तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ, चरबी. या यादीत रंगाचा उल्लेख नाही. रंग न दिलेली लोकर स्वस्त, म्हणून ती घेतली. मिश्र कळपाची लोकर राखाडी, भुरकट निघते. जुन्या कागदपत्रांत त्यांना ‘राखाडी साधू’ असंही म्हटलेलं सापडतं. पांढरेपणा हळूहळू आला. दुसऱ्या मठाधिपतीला, अल्बेरिकला, प्रत्यक्ष मरियेने पांढरा झगा दिला ही कथा नंतरची. तोवर पांढरा हा पंथाचा रंग होऊन बसला होता आणि त्याला शोभेल असं मूळ हवं होतं.

चोळणा टाकून दिल्याची एक गंमत राहिली. नियमावलीत चोळणे फक्त प्रवासाला निघालेल्यांना देण्याची सोय आहे, तेही परत आल्यावर धुऊन जमा करायचे. सीतोवाल्यांनी हे काटेकोर धरलं. मग इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या दरबारातला वॉल्टर मॅप किस्सा सांगतो की राजाची स्वारी येताना बघून एक पांढरा साधू बाजूला पळाला, अडखळून पडला आणि वाऱ्याने झगा डोक्यावर गेला. राजाने तोंड फिरवलं. सोबतचा एक साधू पुटपुटला की जो धर्म ढुंगण उघडं टाकतो त्याला शाप लागो. मॅपला सिस्टर्शियनांचा, म्हणजे या सीतोच्या पंथाचा, मनापासून राग होता, त्यामुळे किस्सा घडला की घडवला कोण जाणे. पण टिंगल कशाची करायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, हे त्यातून कळतं.

काळ्या साधूंच्या बाजूने एक सणसणीत आक्षेप नॉर्मंडीतल्या ऑर्डेरिक व्हिटालिस या साधू-इतिहासकाराने नोंदवला. आपल्या वाडवडिलांनी नम्रतेपोटी वापरलेला काळा रंग ही मंडळी टाकून देतात, धार्मिकतेचा देखावा म्हणून, वेगळं दिसायची हौस म्हणून, असा त्याचा सूर. क्लूनीचा मठाधिपती पीटर, ज्याला ‘पूजनीय’ अशी उपाधी लागली, त्याने ११२० च्या दशकात सीतोच्या पंथातल्या क्लेअरव्हो मठाच्या अधिपतीला, बर्नार्डला, लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो सीतोवाल्यांना नवे परुशी, म्हणजे बायबलमधल्या दिखाऊ धर्मनिष्ठांसारखे, म्हणतो: जगात खरे साधू काय ते तुम्हीच, म्हणून सगळ्यांहून निराळ्या, कोणी न पाहिलेल्या रंगाचा झगा घालून काळ्यांमध्ये पांढरे होऊन मिरवता. त्याचा युक्तिवाद नीट बघा. पांढरा हा आनंदाचा, गौरवाचा रंग. साधूचं आयुष्य शोकाचं, पश्चात्तापाचं. म्हणून काळाच योग्य. काळ्याचा हा अर्थ पूर्वीही अधूनमधून सांगितला जायचा, पण इतका धारदार आणि इतका तपशीलवार तो मांडावा लागला, कारण समोर पांढरा उभा होता.

बर्नार्डची बाजू दिसते ती ११२५ च्या सुमारास त्याने आपला मित्र, सेंट थिएरीचा मठाधिपती विल्यम, याला लिहिलेल्या प्रकरणात. त्यातला क्लूनीच्या शिल्पांवरचा उतारा फार गाजला: मठाच्या अंगणात वाचत बसलेल्या बांधवांसमोर ही घाणेरडी माकडं, हे सिंह, हे अर्धमानव, एका डोक्याला अनेक धडं, यांचं काय काम? या मूर्खपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या. कपड्यांबद्दल तो म्हणतो की एकाच ताग्यातून सरदाराचा डगला आणि साधूचा झगा कापला जातो. पण वाचणारे हे विसरतात की त्याच प्रकरणाच्या पहिल्या भागात तो आपल्याच पंथाला झोडपतो. फर पांघरलेली नम्रता ही जाडाभरडा अंगरखा घातलेल्या गर्वापेक्षा बरी, हे वाक्य त्याचंच. साधेपणाही मिरवायची वस्तू होऊ शकते हे त्याला दिसत होतं. तरीही रॉबर्ट नावाचा त्याचा तरुण नातलग क्लेअरव्हो सोडून क्लूनीत गेला तेव्हा त्याने लिहिलेल्या पत्रात सगळा हल्ला मऊ कपडे, फर आणि मसालेदार जेवणावरच आहे. सिद्धांत एक, घरचा माणूस गेला की भाषा दुसरी.

पीटरने पुन्हा, ११४४ च्या सुमारास, बर्नार्डला लिहिलं. आता सूर बदललेला, समेटाचा. काळा आणि पांढरा साधू वाटेत समोरासमोर आले की एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघतात, जणू समोर अर्धा माणूस-अर्धा घोडा असलेला एखादा राक्षस उभा आहे, असं तो खेदाने लिहितो. दोघांची नियमावली एक, प्रार्थना त्याच, आणि नजर अशी. त्यानंतर दोनच वर्षांत क्लूनीसाठी त्याने नवे नियम काढले आणि महागड्या फरवर, उंची कापडावर बंधनं घातली. म्हणजे टीका पोहोचली होती. रंग मात्र काळाच राहिला. तेवढं सोडलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं.

सीतोवाल्यांनी वेगळेपणा कापडापुरता ठेवला नाही. त्यांच्या नियमांत खिडक्यांच्या काचा पांढऱ्या, चित्रं आणि क्रूस नसलेल्या. दगडी घंटामनोरे नकोत. हस्तलिखितांतली आद्याक्षरं एकाच रंगाची, चित्रं न काढलेली. लिखाणासाठी काळी आणि रंगीत शाई हाताशी असताना केवळ निळं किंवा केवळ लाल ‘Q’ काढायचं, ही त्या काळी केवढी ठळक सही होती हे अशी पानं शेजारी ठेवून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. यात मला सगळ्यात आवडणारी विसंगती अशी की हा नियम होण्याआधी खुद्द सीतोच्या लेखनशाळेत युरोपातली सर्वांत खेळकर आद्याक्षरं रंगवली जात होती. ११११ मध्ये पूर्ण झालेलं, बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावरच्या भाष्याचं तिथलं हस्तलिखित आज दीजोंच्या ग्रंथालयात आहे. त्यात फाटक्या कपड्यांतले मठवासी ओंडका फोडतात, झाड तोडतात, पीक कापतात, आणि या कसरतीतून अक्षर तयार होतं. त्यांचे झगे पांढरेशुभ्र नाहीत, भुरकट आहेत. हे चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात आपली ओळख म्हणजे रंग नव्हती, घाम होती. एका पिढीनंतर चित्र गेलं आणि रंग उरला.

बर्नार्ड ११५३ मध्ये वारला तेव्हा या पंथाचे साडेतीनशेच्या आसपास मठ झाले होते. स्कॉटलंडपासून सिसिलीपर्यंत आराखडा इतका सारखा की एका मठातला माणूस दुसऱ्यात अंधारातही वाट चुकला नसता. भारतापुरतं एक सांगण्यासारखं: केरळमध्ये वागमोणजवळ १९५८ मध्ये सुरू झालेला कुरिसुमला आश्रम आज याच सिस्टर्शियन परंपरेतला आहे, आणि तिथले साधू भगवं नेसतात. ‘त्या मुलखात मिळेल ते’ या वाक्याला धरून पाहिलं तर त्यात काहीच वावगं नाही.

पंथापंथांतली भांडणं गाजली, पण एकाच मठाच्या भिंतींच्या आतली दरी जास्त खोल होती, आणि ती दाढीवर दिसायची. सिस्टर्शियन मठांत दोन वर्ग. गायनात बसणारे, लॅटिन जाणणारे, दाढी केलेले, मुंडण असलेले मठवासी. आणि शेती, गुरं, गिरण्या सांभाळणारे कष्टकरी बंधू, ज्यांना ‘कॉन्व्हर्सी’ म्हणत. व्रत त्यांनीही घेतलेलं असे. पण त्यांनी दाढी राखायची, रुंद झग्याऐवजी डगला घालायचा, पुस्तक जवळ बाळगायचं नाही, आणि प्रभूची प्रार्थना, श्रद्धेचा मंत्र, पश्चात्तापाचं एक स्तोत्र अशा मोजक्या गोष्टींपलीकडे काही शिकायचं नाही, तेही तोंडपाठ. पुढे मठवासी होता येणार नाही. यॉर्कशरमधल्या रिव्हो मठात एलरेड अधिपती असताना १४० मठवासी आणि ५०० कष्टकरी बंधू व गडी होते, असं त्याचा चरित्रकार सांगतो. फाउंटन्स मठाच्या अवशेषांत पश्चिमेकडची नव्वदेक मीटर लांब इमारत दिसते, ती यांची. बायलंड मठात तर यांनी मठाच्या अंगणातून जाऊ नये म्हणून बांधलेली वेगळी बोळ अजून आहे.

बेलव्हो मठाचा अधिपती बुर्कार्ड याने ११६० च्या सुमारास रोझिएर मठातल्या कष्टकरी बंधूंना एक कडक पत्र पाठवलं आणि त्यात यशयाच्या पुस्तकातलं वचन त्यांच्या दाढ्यांना लावलं, म्हणजे त्या आगीला सरपण होतील अशा अर्थाचं. बंधू भडकले. मग बुर्कार्डला चक्क दाढीच्या समर्थनार्थ अख्खा ग्रंथ लिहावा लागला, तीन भागांचा: दाढीची स्वच्छता, दाढीची ठेवण, दाढीचा स्वभाव. त्यात थट्टा आहे, पांडित्य आहे, आणि मधूनमधून खरी माफीही आहे. ज्या माणसांना अक्षरओळख होऊ द्यायची नाही असा नियम, त्यांची समजूत काढायला लॅटिनमध्ये ग्रंथ. मला हे वाचताना हसू येतं आणि चीडही येते.

जर्मनीतल्या शोनाऊ मठात तर बुटांवरून बंडाळी झाली. कष्टकरी बंधूंना नवे बूट द्यायच्या प्रथेत मठाधिपतीने काटछाट केली. बंधूंनी बेत केला की मठवासीयांच्या झोपायच्या दालनात घुसून त्यांचे बूट फाडायचे. पंथाच्या इतिहासात ही गोष्ट अशी सांगितली आहे की म्होरक्या अचानक मेला आणि बंड विझलं. सांगणारा अर्थातच मठवासीयांच्या बाजूचा. पण लक्ष्य काय निवडलं ते बघा. धान्य नाही, पैसा नाही, बूट. आपल्यात आणि त्यांच्यात फरक कुठे आहे हे त्यांना रोज पायाशी दिसत होतं.

मुंडणाची गोष्ट याहून बरीच जुनी. सातव्या शतकात रोमच्या पद्धतीत डोक्याचा वरचा भाग भादरून भोवती केसांचं कडं ठेवत. त्याला संत पीटरचं मुंडण म्हणत आणि काट्यांच्या मुकुटाशी जोडत. आयर्लंड आणि स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटाच्या परंपरेतले साधू वेगळ्या तऱ्हेने, कानापासून कानापर्यंत पुढचं डोकं भादरत. रोमवाल्यांनी त्याला सायमन मेगसचं, म्हणजे पैशाने पवित्र आत्मा विकत घ्यायला निघालेल्या जादूगाराचं, मुंडण ठरवून टाकलं. इंग्लंडमधल्या व्हिटबी इथे ६६४ मध्ये भरलेल्या धर्मसभेत ईस्टरच्या तारखेबरोबर हाही वादाचा विषय होता. चारच वर्षांनी तार्ससचा थिओडोर कँटरबरीचा मुख्य बिशप म्हणून निवडला गेला. तो पूर्वेकडचा, तिथल्या पद्धतीने सगळं डोकं भादरलेलं. इतिहासकार बीड सांगतो की त्याला चार महिने थांबावं लागलं, केस वाढेपर्यंत, म्हणजे मग रोमच्या पद्धतीचं कडं ठेवता येईल. पासष्टी ओलांडलेला विद्वान माणूस रोममध्ये केस वाढायची वाट बघत बसला आहे. डोक्यावर केस असतील तरच ते ‘आपल्यासारखे’ भादरता येतात.

बायकांच्या मठांत हाच प्रश्न केस आणि ओढणीवरून उभा राहिला. बिंगनजवळच्या हिल्डेगार्डच्या मठातल्या व्रतस्थ स्त्रिया सणाच्या दिवशी केस मोकळे सोडून, जमिनीपर्यंत लोळणारी पांढरी रेशमी ओढणी आणि डोक्यावर सोनेरी मुकुट घालून प्रार्थनेला येतात. मुकुटाला क्रूस आणि कपाळावर कोकराची आकृती, असं आंडरनाखच्या टेंक्सविंडच्या कानावर गेलं. तीही एका स्त्री-मठाची प्रमुख. ११५० च्या आसपास तिने अतिशय विनयाने, म्हणजे अतिशय बोचरं, पत्र लिहिलं: हे आम्हाला नवीनच, प्रेषित पौल तर स्त्रियांना साधेपणा सांगतो, शिवाय तुम्ही फक्त कुलीन घरच्या मुली घेता, येशूने तर कोळ्यांना निवडलं होतं. हिल्डेगार्डचं उत्तर असं की केस झाकायची आज्ञा विवाहितेला, कुमारिका अजून एदेनच्या बागेतल्या अस्पर्श अवस्थेत उभी असते, तिला पांढरा पोशाख शोभतो. आणि कुळाबद्दल? बैल, गाढवं, मेंढ्या, शेळ्या कोणी एकाच गोठ्यात कोंडतं का?

पहिला भाग वाचून आजचे वाचक हिल्डेगार्डच्या प्रेमात पडतात आणि दुसरा भाग वगळतात. तसं करू नये. तो मुकुट स्वर्गाचाही होता आणि सरदारघराण्याचाही, आणि घालणाऱ्यांना या दोन्हींत विरोध दिसत नव्हता.

क्लूनीच्या खुणांच्या भाषेबद्दल थोडक्यात. मौनाच्या वेळेसाठी तिथे हातांच्या खुणांची यादी होती, अकराव्या शतकात ती लिहून काढली गेली, शंभराहून अधिक खुणांची. भाकरीसाठी दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीचं वर्तुळ. माशासाठी शेपटीसारखा हलणारा पंजा. दुधासाठी ओठांना लावलेली करंगळी, तान्ह्या बाळासारखी. ख्रिस्तीपूर्व लेखकाचं पुस्तक हवं असेल तर पुस्तकाची खूण करून कान खाजवायचा, कुत्रा खाजवतो तसा, कारण मूर्तिपूजकाची तुलना कुत्र्याशी. रोमन कवी व्हर्जिल मागायचा, वाचायचा, आणि मागताना त्याला कुत्रा म्हणायचं. नवशिक्याला या खुणा शिकायलाच लागत, आणि त्या येत नसलेला पाहुणा पंगतीत लगेच उघडा पडे. बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सचा जेराल्ड कँटरबरीच्या मठात जेवला आणि म्हणाला की हे मौन नव्हे, नाटक्यांचा तमाशा आहे. पंगतीत पदार्थ सोळा होते, हेही त्याने मोजून ठेवलं.

अर्थ मागाहून येतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण कार्मेलाईटांचं. हे पॅलेस्टाईनमधल्या कार्मेल डोंगरावरचे एकांतवासी तेराव्या शतकात युरोपात आले ते पट्ट्यापट्ट्यांची शाल पांघरून. युरोपात पट्टे म्हणजे विदूषक, वेश्या, जल्लाद अशांचं कापड. पॅरिसमध्ये लोक त्यांना ‘पट्टेवाले’ म्हणून चिडवत. त्यांनी खुलासा केला की बायबलमधला संदेष्टा एलिया अग्निरथातून स्वर्गात गेला तेव्हा त्याने आपला शिष्य अलीशा याच्याकडे टाकलेली शाल घड्यांच्या जागी होरपळली, तेच हे पट्टे. खुलासा सुंदर होता, चालला नाही. १२८७ मध्ये माँपेलिएच्या सभेत त्यांनी शाल बदलून पांढरी केली, आणि मग अर्थातच पांढऱ्यालाही अर्थ मिळाला.

फ्रान्सिस्कनांच्या बाबतीत मात्र हसू मावळतं. या भिक्षेकरी संघाचा संस्थापक, असिसीचा फ्रान्सिस, याच्या मरणानंतर शंभर वर्षांच्या आत त्याच्या अनुयायांत दारिद्र्य किती पाळायचं यावरून फूट पडली. कडव्या गटाने आखूड, अंगाला घट्ट, ठिगळांचे झगे धरून ठेवले. पोप बाविसाव्या जॉनने १३१७ च्या ऑक्टोबरमध्ये आदेश काढला की झगा कसा असावा ते वरिष्ठ ठरवतील, धान्याची कोठारं भरायची की नाही तेही. दारिद्र्य मोठं, ब्रह्मचर्य त्याहून मोठं, पण आज्ञापालन सगळ्यांत श्रेष्ठ, असं त्यात म्हटलंय. चौघांनी ऐकलं नाही. ७ मे १३१८ रोजी त्यांना मार्सेयमध्ये जिवंत जाळलं. ही मंडळी कापडाच्या लांबीसाठी मेली असं म्हणणं उथळ आहे. आपण घेतलेलं व्रत आपलं की संघटनेचं, हा प्रश्न होता, आणि तो त्यांना झग्याच्या रूपात विचारला गेला होता.

राहिला चित्रांचा प्रश्न. फक्त रंगावर जाऊ नका. पांढरा झगा सिस्टर्शियनांचा, पण कार्थुशियनांचाही, कामाल्दोलींचाही, नॉर्बर्टच्या अनुयायांचाही. १३१३ पासूनचे ऑलिव्हेटन तर बेनेडिक्टाईन असूनही पांढरे. मॉन्ते ऑलिव्हेतो माज्जोरे मठात सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांनी बेनेडिक्टचं चरित्र रंगवलं त्यात त्याचे मठवासी पांढऱ्या झग्यात दिसतात, कारण पैसे देणारे पांढऱ्या झग्यात होते. चित्रातला झगा बहुतेकदा चित्र काढून घेणाऱ्याबद्दल सांगतो, रंगवलेल्या माणसाबद्दल नाही. शिवाय काळ्याचा तपकिरी आणि पांढऱ्याचा पिवळा करण्यात पाच-सहाशे वर्षांच्या वार्निशचाही हात असतो.

म्हणून आधी कमर बघा. गाठींची दोरी असेल तर फ्रान्सिस्कन. काळ्या झग्यावर चामड्याचा पट्टा असेल तर ऑगस्टिनियन. पांढऱ्या अंगरख्यावर काळा डगला असेल तर डोमिनिकन. पांढऱ्या स्कॅप्युलरच्या दोन्ही बाजू कुशीजवळ आडव्या पट्टीने जोडलेल्या असतील तर कार्थुशियन, ही खूण सहसा फसवत नाही. मग पाय: अनवाणी, वहाणा की बंद बूट. शेवटी हनुवटी. सिस्टर्शियन घोळक्यात मागच्या बाजूला दाढीवाला कोणी दिसला तर तो पाहुणा नसून त्या मठाची जमीन कसणारा कष्टकरी बंधू असण्याची शक्यता जास्त. वसईच्या किल्ल्यात किंवा जुन्या गोव्यात फिरताना लक्षात ठेवा की तिथे सोळाव्या शतकापासून आलेले फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन हे भिक्षेकरी संघ होते, क्लूनी-सीतोच्या वळणाचे मठवासी नव्हेत. त्यामुळे तिथल्या मूर्तींवर झग्याच्या रंगापेक्षा दोरी आणि पट्टा शोधणं उपयोगाचं ठरतं, कारण लाकडावरचा मूळ रंग बऱ्याचदा नंतरच्या रंगकामाखाली गेलेला असतो आणि कोरलेली गाठ तशीच राहते.